समृद्धीवर मे महिन्यात: टायरमध्ये हवा किती भरायची?

खाडीपलीकडचा | ८ मे, रात्री १०:१२

मंडळी, पुढच्या शुक्रवारी पहाटे कल्याणहून नागपूरला निघतोय. मेव्हणीचं लग्न. गाडी साधी हॅचबॅक, आत आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. डिकीत अहेराचं सामान इतकं आहे की स्टेपनीपर्यंत हात पोचणार नाही. आमण्याला समृद्धी पकडायची की थेट नागपूर, ७०१ किलोमीटर.

प्रश्न हवेचा. तीन माणसं, तीन उत्तरं. पंपावरचा पोरगा न विचारता ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारतो. सर्व्हिसला गाडी टाकली की ३५ भरून येते. आणि आमचे साडू (डोंबिवलीचे, तेही निघालेत, त्यांच्या गाडीने) म्हणतात की सिमेंटचा रस्ता, वर ४५ डिग्री ऊन, हवा फुगणार, २८ च्या वर गेलास तर टायर फुटेल. हे त्यांनी सासरच्या ग्रुपवर टाकलं, त्यामुळे बायकोही आता २८ च्या बाजूने आहे. टायरवर बघावं तर ५१ लिहिलंय. नक्की किती भरू?

चहाबाज | ८ मे, रात्री १०:२०

साडू आणि हवा, दोन्हींचा दाब वेळीच बघावा. चहा टाकलाय, बसतो इथेच.

अर्धवट_अभियंता | ८ मे, रात्री १०:५५

३०, ३५, २८, ५१ हे चारही आकडे आधी विसरा. ड्रायव्हरचं दार उघडा, दार जिथे लागतं त्या खांबावर एक स्टिकर असेल. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं. त्यावर दोन रकाने सापडतील, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. तुमचा दुसरा रकाना.

टायरवरचा ५१ हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. तोच टायर चार वेगळ्या गाड्यांना लागतो, तुमच्या गाडीचं वजन टायर कंपनीला कुठून ठाऊक? स्टिकर गाडी बनवणाऱ्याने लावलेलं असतं.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो हेही महत्त्वाचं. थंड म्हणजे गाडी तीन-चार तास उभी होती किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चालली. ३० किलोमीटर चालवून पंपावर जाऊन ३३ भरलेत तर प्रत्यक्षात २९-३० च भरलेत.

बंड्या_नागपुरी | ८ मे, रात्री ११:१८

राजेहो, आम्ही इथं जन्मापासून मे महिना पाहून राहिलो. ४५-४६ डिग्रीत गाड्या चालतात, टायरं काही फटाफट फुटत नाहीत. फुटतात ते नक्षी झिजून गोटा झालेले नाहीतर हवा कमी असलेले. तुमच्या साडूले सांगा, नागपुरात या, पण ज्ञान घरी ठेवून या.

खाडीपलीकडचा | ८ मे, रात्री ११:४०

आत्ताच खाली जाऊन टॉर्च मारून आलो. वॉचमन म्हणाला, साहेब काही हरवलं का. सहा वर्षं गाडी वापरतोय, हे स्टिकर पहिल्यांदा बघितलं. दोन माणसांना सगळीकडे ३३, फुल लोडला पुढे ३३ आणि मागे ३६. शेजारी २३० आणि २५० असंही काहीतरी आहे.

पण साडूंचा मुद्दा उरतोच ना? उन्हात हवा फुगते हे तर शाळेत शिकलोय.

मीनल_क | ९ मे, सकाळी ७:०५

२३० आणि २५० हे किलोपास्कल, तोच दाब दुसऱ्या मापात. पंपावर हे सांगू नका! माझ्या मामेभावाने नवीन गाडी घेतली तेव्हा पंपावर जाऊन ऐटीत "दोनशे तीस भर" म्हणाला होता. हवावाला हातातली नळी खाली ठेवून त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

बरं, हवा मोजायचा गेज स्वतःचा घ्या. तीनशे-चारशे रुपयांत मिळतो. मी आधी गेज घेतला, मग १२ व्होल्टचा छोटा पंप, तो गाडीच्या सॉकेटवर चालतो. आता पहाटे पार्किंगमध्येच हवा बघते. पंपावर गेले की "मॅडम, सर नाहीत का सोबत" हे ऐकायचं, तेही वाचलं.

अर्धवट_अभियंता | ९ मे, सकाळी ९:३०

@खाडीपलीकडचा, साडूंचं अर्धं बरोबर आहे. हवा तापली की दाब वाढतो. पण किती वाढतो ते मोजू या. गेज ३३ दाखवतो तेव्हा त्यात बाहेरच्या वातावरणाचा १४.७ धरलेला नसतो. खरा दाब ४७.७. तापमान केल्व्हिनमध्ये मोजायचं, २७ अंश म्हणजे ३००. टायरमधली हवा ३० अंशांनी तापली तर दाब एक दशांशाने वाढेल, म्हणजे पावणेपाच पीएसआय. ३३ चे ३८. ढोबळ हिशेब, दर सहा-साडेसहा अंशांना एक पीएसआय. ५१ ची मर्यादा असलेल्या टायरला हे काहीच नाही, आणि ती मर्यादासुद्धा थंड टायरची. ही वाढ गाडी बनवणाऱ्याने हिशेबात धरूनच स्टिकर छापलेलं असतं.

आता हवा कमी भरली की काय होतं ते बघा. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो आणि वर गेला की सरळ होतो. शंभरच्या वेगाला हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा होतं. हवा जितकी कमी तितकी टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, जास्त वाकते. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवून बघा, वाकते तिथे हाताला गरम लागते. तेच रबराचं होतं. टायर उन्हाने तापतो त्याहून जास्त या वाकण्याने तापतो, आणि आतले थर सुटायला लागतात. म्हणजे फुटू नये म्हणून हवा कमी करायची आणि त्यामुळेच तो फुटायची तयारी करायची. वजन आणि वेग वाढला की हे सगळं वाढतं, आणि समृद्धीवर तुमच्याकडे दोन्ही आहे.

शेवंती | ९ मे, सकाळी १०:१०

शाळेत हे असं शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेले नसते.

गोंयचो_पावस | ९ मे, दुपारी १२:४५

हे सगळं सिमेंटच्या सरळ रस्त्याचं झालं. आमच्या मुंबई-गोवा हायवेचं काय? २०११ पासून काम चालू आहे, माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता, आता इंजिनिअर झाला. मी तरी पणजी ते पनवेल दोन-तीन पॉइंट कमीच ठेवतो. खड्ड्यात गाडी मऊ जाते, कंबर वाचते.

मीनल_क | ९ मे, दुपारी १:२०

दादा, कंबर वाचते पण टायर जातो. मीही असंच करायचे. वडखळच्या आसपास एका खड्ड्यात रिमचा काठ आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये टायर चिमटला. दुसऱ्या दिवशी बगलेला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की तसा फुगा येतो, त्याला दुरुस्ती नाही, टायर फेकायचाच. हवा पुरेशी असती तर रिम टायरवर इतकं बसलं नसतं. खड्ड्यांवर औषध एकच, सावकाश जाणं.

गोंयचो_पावस | ९ मे, दुपारी १:३२

सावकाशच जातो हो. दुसरा इलाज ठेवलाय का कुणी!

मामा_मिशिगन | ९ मे, संध्याकाळी ६:५०

आमच्याकडे उलटी कथा. ऑक्टोबरात पहिली थंड सकाळ उजाडली की सगळ्या गल्लीतल्या गाड्यांत डॅशबोर्डवरचे, टायरची हवा कमी असल्याचे पिवळे दिवे एकदम पेटतात. गॅरेजमध्ये १५ अंशांना हवा भरायची आणि सकाळी बाहेर उणे दहा. चार-पाच पीएसआय आपोआप गायब. नवीन आलेली देशी मंडळी पंक्चर समजून धावतात.

त्या दिव्याचीही कथा आहे. २००० साली इथे फोर्ड एक्सप्लोरर आणि फायरस्टोन टायरचं मोठं प्रकरण झालं. टायरचा वरचा पट्टा धावत्या गाडीत सुटायचा आणि उंच गाडी उलटायची. दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या ऑगस्टमध्ये ६५ लाख टायर परत मागवले. टायर बनवण्यात दोष होता, गाडीच्या रचनेवरही बोट ठेवलं गेलं. पण या धाग्यासाठी महत्त्वाचं हे की फोर्डने त्या गाडीला २६ पीएसआय सांगितलं होतं, आणि फायरस्टोनचं म्हणणं ३० हवे होते. त्यात उन्हाळा, भरलेली गाडी, हायवेचा वेग. टेक्सास, फ्लोरिडासारख्या गरम राज्यांतून तक्रारी जास्त होत्या. त्याच वर्षी कायदा झाला आणि २००७ पासून इथे प्रत्येक नव्या मोटारीत दाब कमी झाल्याचा इशारा सक्तीचा झाला.

तो दिवा मात्र हवा २५ टक्के कमी झाली की लागतो. ३३ ची पार २५ होईपर्यंत काही बोलत नाही. दिवा नाही म्हणून हवा ठीक, असं धरू नका.

चहाबाज | ९ मे, संध्याकाळी ७:१५

म्हणजे साडूंच्या विचाराची माणसं फोर्डातही होती.

ऊसकरी | ९ मे, रात्री ८:४०

तुमचं पीएसआय वाचून करमणूक झाली. आमच्याकडं ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरात हवा कमी आणि पाणी जास्त असतंय. व्हॉल्व्ह वरच्या टोकाला आणायचा आणि पाणी सोडायचं, पाऊण टायर भरतोय. वजनानं चाक रानात घसरत नाही. रानात हवा उतरवायची, म्हणजे टायर पसरतोय आणि माती दबत नाही. तोच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस घेऊन डांबरीवरनं कारखान्याला निघाला की हवा वाढवायची. जे विसरतात त्यांचा ट्रॉलीचा टायर गाळपाच्या हंगामात रस्त्यातच बसतोय आणि मागं दोन किलोमीटर गाड्या.

वजन, वेग, रस्ता बघून हवा. आमच्या आज्ज्याला कळत होतं. त्याची टायरची बैलगाडी होती, डनलॉप म्हणायचे तिला.

जुनी_पानं | ९ मे, रात्री ९:२५

डनलॉपवरून अवांतर. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमध्ये राहणारे गुरांचे डॉक्टर. मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर नीट चालेना म्हणून त्यांनी चाकांना हवेची रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. पुढे कळलं की रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने हीच कल्पना १८४५ मध्ये नोंदवली होती, तेव्हा डनलॉपचं पेटंट बाद झालं. नाव मात्र डनलॉपचंच राहिलं.

ऊसकरी | ९ मे, रात्री ९:३१

जनावराचा डॉक्टर! आणि त्याच्या नावाची गाडी आमच्याकडं बैलंच ओढायची. जमलं की.

नवा_भिडू | १० मे, सकाळी ८:००

नायट्रोजन भरा, विषय संपला. तो फुगतच नाही.

अर्धवट_अभियंता | १० मे, सकाळी ८:४५

फुगतो. साध्या हवेइतकाच. मुळात साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. फायदा दोन गोष्टींचा, त्यात पाण्याची वाफ नसते आणि तो रबरातून जरा हळू झिरपतो. विमानात नायट्रोजन वापरतात कारण ब्रेक तापल्यावर आगीला ऑक्सिजन मिळू नये आणि उंचावर आत बर्फ होऊ नये. तुमची हॅचबॅक कसाऱ्याच्या वर उडणार असेल तर जरूर भरा.

फुकट किंवा टायरमागे दहा-वीस रुपयांत मिळत असेल तर तोटा काही नाही. पण नायट्रोजन भरला म्हणून महिनोन्‌महिने गेज न लावणारे लोक मी बघितलेत.

नवा_भिडू | १० मे, सकाळी ८:५०

बरं बाबा. मी गेली चार वर्षं पैसे देऊन भरतोय.

मीनल_क | १० मे, सकाळी ९:१५

पैशांवरून आठवलं. पेट्रोल पंपावर साधी हवा मोफत देणं बंधनकारक आहे, पेट्रोल भरा किंवा नका भरू. "मशीन बंद आहे" हे उत्तर मिळालं तर तक्रारवहीत लिहा. त्या पोराला खुशीने दहा रुपये देणं वेगळं, मी देते. उन्हात उभा असतो बिचारा.

घाटरस्ता | १० मे, दुपारी ३:३०

बावीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय, म्हणून चार शब्द. सगळे हवेवरच बोलतायत. आधी टायरचं वय बघा. बगलेवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. गाडी कमी चालते म्हणून नक्षी छान दिसते, पण रबर कडक होऊन बारीक चिरा पडलेल्या असतात. धागा काढणाऱ्या भाऊंची गाडी सहा वर्षांची. टायर मूळचे असतील तर समृद्धीवर जायच्या आधी ते बदला, मग हवेचं बोला. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद. समृद्धीवर सुरुवातीच्या काळात आरटीओवाले तोंडाशीच टायर बघून गोटा टायरच्या गाड्या परत लावायचे. लोक शिव्या द्यायचे.

झीज पण वाचायला शिका. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहतेय, मधोमध झिजला तर जास्त, एकच कड खाल्ली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत नाहीत.

आणि वाटेत चहाला थांबलात, गेज लावला, ४० दिसले, तर घाबरून हवा सोडू नका. तापलेल्या टायरची हवा सोडली की रात्री तो थंड झाल्यावर खाली बसतो. ही चूक फार जण करतात.

खाडीपलीकडचा | १० मे, रात्री १०:०५

टायर मागच्या दिवाळीत बदललेत, साइझ मूळचाच. स्टेपनी मात्र मूळचीच. आज सामान भरायच्या आधी ती बाहेर काढली. हवा ११. अकरा!

घाटरस्ता | १० मे, रात्री १०:२०

सगळ्यांची तेवढीच निघते. चार-पाच पॉइंट जास्त भरून ठेवा, लागली तर कमी करता येते. बारीक वाली असेल तर तिला बहुधा ६० लागते आणि ८० च्या वर पळवायची नाही, तिच्या बगलेवर लिहिलेलं असतं. आणि अहेर असा लावा की ती निघाली पाहिजे. भर हायवेवर पैठण्या पसरून बसाल नाहीतर.

शेवंती | १० मे, रात्री १०:४१

पैठण्या नसतात आहेरात हल्ली. स्टीलचे डबे पण नसतात. पाकीट असतं. यांच्या डिकीत काय आहे ते विचारा.

खाडीपलीकडचा | १३ मे, रात्री ९:५०

डिकीत मिक्सर, दोन बॅगा, आईची उशी आणि आंब्याच्या तीन पेट्या. असो.

गेज आला. काल नेहमीच्या पंपावर ३३ भरून घेतले आणि तिथेच माझा गेज लावला तर ३७. मला वाटलं नवा गेज गंडलाय. तसाच पंक्चरवाल्याकडे गेलो, त्याचाही गेज लावला, ३७. म्हणजे पंपाचंच मशीन चार कमी दाखवतंय. सहा वर्षं तो पोरगा "३०" मारत होता तेव्हा मी ३४ वर फिरत होतो. नशिबाने बरोबर.

आता रोज पहाटे घरीच मोजतोय. निघताना पुढे ३३, मागे ३६. बायकोला फोर्डची गोष्ट वाचून दाखवली. ती म्हणाली, दादांना (म्हणजे साडूंना) तू सांग, मी नाही सांगणार.

चहाबाज | १३ मे, रात्री १०:०२

सुखरूप जा. आंबे पोचले की कळवा.

खाडीपलीकडचा | १६ मे, सकाळी ८:३०

नागपूरला पोचलो. आकडे वहीत लिहिलेत, मागितलेत म्हणून नाही, मलाच नाद लागला.

पहाटे पाचला कल्याण: पुढे ३३, मागे ३६. शिर्डीच्या अलीकडे चहाला: ३७ आणि ४०. मेहकरच्या पुढे, भर दुपारी: ३८ आणि ४१. आज सकाळी सहाला, रात्रभर उभी राहिल्यावर: ३३ आणि ३६. एक सोडून. मागचा डावा ३४ आहे, तो बघायला हवा. ९५-१०० वर चाललो, एकदाही हवा सोडली नाही.

आता खरी गंमत. साडू आमच्या आधी अर्धा तास पोचले होते. दारातच म्हणाले, "बघ, २८ वर आलो, ११५ ने आलो, काही झालं?" सगळ्या पाहुण्यांसमोर. मी गप्प. आज सकाळी सगळे झोपलेले असताना त्यांच्या गाडीला गेज लावला. चारही टायर ३१-३२.

हवा त्यांनी भरली कुठे? बुधवारी आमच्याकडे जेवायला आले होते, जाताना आमच्याच पंपावर!

बंड्या_नागपुरी | १६ मे, सकाळी ८:४४

हाऽ हाऽ. म्हणजे मशीनने साडूले वाचवलं. अजिबात सांगू नका, लग्न होऊन जाऊ द्या.

अर्धवट_अभियंता | १६ मे, सकाळी ९:१०

नाही, सांगा. आता त्यांची खात्री पटलीय की २८ वर भरल्या गाडीने ११५ ने नागपूर गाठता येतं. परतीला ते नागपूरच्या एखाद्या धड मशीनवर २८ भरतील, आणि ते खरे २८ असतील. तेव्हा ऊनही जास्त असेल.

खाडीपलीकडचा | १६ मे, सकाळी ९:२६

अरे देवा. हा विचारच केला नव्हता.

आत्ता ते अंघोळीला गेलेत. बाहेर आले की गेज त्यांच्याच हातात देतो आणि त्यांनाच मोजायला सांगतो.

घाटरस्ता | १६ मे, सकाळी ९:५५

तोवर तुमचा मागचा डावा बघा. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा, बुडबुडा आला तर व्हॉल्व्हमधली पिन बदला. नाही आला तर सीताबर्डीपर्यंत जायची गरज नाही, गल्लीतला पंक्चरवाला चाक पाण्यात बुडवून सांगेल.

खाडीपलीकडचा | १६ मे, सकाळी १०:४०

बुडबुडा आला. पिन बदलली. साडू सोबत आले होते, त्यांनीच पैसे दिले. त्यांच्या गाडीचं स्टिकर शोधायला आता दोघं खाली चाललोय.